रखमाबाईंची केस लढवली, काँग्रेस उभी केली, गीता इंग्रजीत नेली. मग जस्टिस तेलंग स्वतःच्या घरात का हरले?

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यावर एसटीची वाट बघत दहा मिनिटं उभं राहा. पाऊस, सोयाबीनचा भाव आणि राजकारण झालं की पुढचा विषय हमखास निघतो तो वाटणीचा. आजा जिवंत आहे, बाप गप्प आहे, मग नातवानं आपला हिस्सा मागायचा की नाही?

प्रश्न आजचा वाटतो, पण तो सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई हायकोर्टापुढे हाच प्रश्न आला होता. खटल्याचं नाव अपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी. प्रश्न इतका नाजूक होता की तो न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढे ठेवला गेला.

बहुमताचा निकाल असा आला की, बाप जर त्याच्या वडिलांबरोबर किंवा भावांबरोबर एकत्र राहत असेल, तर बापाच्या संमतीशिवाय मुलाला वाटणी मागता येणार नाही.

एका न्यायाधीशानं मात्र सहकाऱ्यांपेक्षा वेगळं मत लिहिलं. मुलाचा हक्क जन्मानं आला असेल, तर त्याला वाटणी मागताही आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते हरले, पण त्यांचं ते मत कायद्याच्या पुस्तकांत राहिलं आणि अभ्यासक अजूनही त्याचा दाखला देतात.

त्या न्यायाधीशाचं नाव काशिनाथ त्र्यंबक तेलंग. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास.

रानडे, टिळक, गोखले, आगरकर ही नावं आपल्याला पाठ असतात. तेलंगांचं नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. खरं तर वकील, संस्कृत पंडित, कायदे कौन्सिलाचे सभासद, काँग्रेसच्या पहिल्या फळीतले नेते, हायकोर्टाचे न्यायाधीश आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू, इतकं सगळं त्यांनी ४३ वर्षांच्या आयुष्यात केलं.

आणि जाता जाता एक असा प्रश्न मागे ठेवला, ज्याचं उत्तर देताना त्यांचे चाहतेही अडखळतात.

चुलत्याच्या घरी वाढलेला मुलगा

काशिनाथ यांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये मुंबईत एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे चुलते त्र्यंबक यांनी त्यांना दत्तक घेतलं, म्हणून नावात त्र्यंबक आलं.

शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कूल आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात झालं. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे हा मुलगा कॉलेजात गेला तेव्हा विद्यापीठही लहानच होतं. त्याच विद्यापीठातून त्यांनी विशीच्या आसपास एम.ए. आणि एलएल.बी. या दोन्ही पदव्या घेतल्या. संस्कृतवर तर इतकी पकड की शिष्यवृत्तीही संस्कृतची मिळाली आणि पुढे काही काळ शिकवलंही संस्कृत.

१८७२ मध्ये ते मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत ॲडव्होकेट म्हणून दाखल झाले.

आता मूळ शाखा म्हणजे काय? मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे थेट हायकोर्टात चालत, ती ही शाखा. पैसा इथे आणि प्रतिष्ठाही इथेच. पण इथे वर्चस्व होतं विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या गोऱ्या वकिलांचं. बद्रुद्दीन तय्यबजी आणि फिरोजशहा मेहता हे त्यांचे दोन्ही समकालीनसुद्धा इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर होऊन आले होते. तेलंग मात्र इथलीच परीक्षा देऊन उभे राहिले आणि काही वर्षांतच हिंदू कायद्याच्या खटल्यांत त्यांचा शब्द वजनदार मानला जाऊ लागला.

रामायण होमरवरून उचललं का?

वकिली सुरू होऊन वर्षही झालं नसेल, तोवर तेलंगांनी एका जर्मन विद्वानाशी वाद ओढवून घेतला.

आल्ब्रेख्त वेबर हे बर्लिनचे नामांकित संस्कृत पंडित. त्यांनी १८७० मध्ये रामायणावर एक मोठा निबंध लिहिला. सीतेचं हरण आणि लंकेवरची स्वारी ही कल्पना ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यातल्या हेलनचं हरण आणि ट्रॉयचा वेढा यांवरून आली असावी, असा त्यांचा तर्क होता.

मुंबईतल्या तेविशीच्या वकिलानं १८७३ मध्ये उत्तर छापलं. पुस्तिकेच्या नावातच प्रश्न होता: रामायण होमरवरून घेतलं आहे का?

या उत्तराची पद्धत बघण्यासारखी आहे. "आमच्या देवाधर्माबद्दल असं कसं बोलता" असा सूर त्यात नाही. दोन गोष्टींत साम्य आहे म्हणजे एक दुसऱ्यावरून घेतली हे सिद्ध होतं का? कथेचे तपशील जुळतात का? काळाचा हिशेब बसतो का? कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी करावी, तशी त्यांनी वेबर यांच्या एकेका पुराव्याची केली.

गीतेच्या बाबतीतही तेच झालं. फ्रान्झ लोरिन्झर या जर्मन अभ्यासकाचं म्हणणं होतं की गीतेतले विचार ख्रिस्ती धर्मग्रंथावरून आले. तेलंगांनी १८७५ मध्ये गीतेचं इंग्रजी पद्य भाषांतर प्रसिद्ध केलं आणि त्याच्या प्रस्तावनेत हा दावा खोडून काढला.

मॅक्सम्युलर यांनी 'पूर्वेचे पवित्र ग्रंथ' ही जगप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथमाला काढली, तेव्हा तिचा आठवा खंड त्यांनी तेलंगांकडे सोपवला. १८८२ मध्ये निघालेल्या या खंडात गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचं गद्य भाषांतर आहे. युरोप-अमेरिकेतल्या अनेक वाचकांनी गीता पहिल्यांदा वाचली ती या मुंबईकर वकिलाच्या इंग्रजीतून.

याशिवाय भर्तृहरीची नीतिशतक आणि वैराग्यशतक, विशाखदत्ताचं 'मुद्राराक्षस' नाटक यांच्या संपादित आवृत्त्याही त्यांच्या नावावर आहेत. मराठीतही त्यांनी लिहिलं. जर्मन नाटककार लेसिंगचं धर्मसहिष्णुतेवरचं नाटक त्यांनी 'शहाणा नेथन' या नावानं मराठीत आणलं.

हे सगळं त्यांनी केलं दिवसा कोर्ट सांभाळून.

तीन वकील, तीन धर्म

त्या काळच्या मुंबईत तीन नावं एकत्र घेतली जात. फिरोजशहा मेहता पारशी, बद्रुद्दीन तय्यबजी मुसलमान आणि काशिनाथ तेलंग हिंदू. तिघेही वकील. इंग्रजीत मेव्हण्याला 'ब्रदर इन लॉ' म्हणतात आणि 'लॉ' म्हणजे कायदा. त्यावर कोटी करून या तिघांना मुंबईचे 'ब्रदर्स इन लॉ' म्हटलं जाई, म्हणजे कायद्यातले भाऊ.

१८८३ मध्ये इल्बर्ट बिलावरून देश तापला. जिल्ह्यातल्या भारतीय न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवता यावेत, एवढीच या बिलाची मागणी होती. गोऱ्या समाजानं त्याविरुद्ध रान उठवलं. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये बिलाच्या बाजूनं मोठी सभा झाली आणि तिथे हे तिघेही बोलले.

१८८४ मध्ये तेलंगांची मुंबई कायदे कौन्सिलावर नेमणूक झाली. इथे 'नेमणूक' हा शब्द महत्त्वाचा आहे. तेव्हा निवडणूक नव्हती. गव्हर्नर ठरवेल तो सभासद. असे सभासद बोलू शकत, पण अंदाजपत्रकावर त्यांचा काहीही ताबा नसे.

जानेवारी १८८५ मध्ये तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ते खरं तर पुण्यात व्हायचं होतं, पण तिथे कॉलरा पसरला आणि ऐनवेळी मुंबईला हलवावं लागलं. २८ डिसेंबर १८८५ ला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात ७२ प्रतिनिधी जमले.

या अधिवेशनात एक महत्त्वाचा ठराव होता. कायदे कौन्सिलं वाढवा, त्यांत निवडून आलेले सभासद घ्या आणि त्यांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा हक्क द्या. हा ठराव मांडला तेलंगांनी. आज आमदार विधानसभेत मंत्र्याला प्रश्न विचारतो, ती मागणी काँग्रेसच्या व्यासपीठावर पहिल्या दिवसांपासून होती, आणि ती मांडणारा माणूस मराठी होता.

१८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा झाला, तेव्हा कौन्सिलात मेहता आणि तेलंग दोघेही होते. मुंबई महापालिकेचा कारभार आजही, अनेक दुरुस्त्यांसह, याच कायद्यावर चालतो.

हंटर आयोगातला वेगळा सूर

१८८२ मध्ये सरकारनं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. महात्मा जोतीराव फुले यांनी ज्या आयोगापुढे शेतकऱ्यांच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली, तो हाच आयोग. तेलंग त्याचे सभासद होते.

आयोगात एक शिफारस पुढे आली की, सर्व धर्मांना मान्य होईल असं नीतीचं एक पाठ्यपुस्तक कॉलेजांत लावावं. ऐकायला बरं वाटतं. तेलंगांनी मात्र याविरुद्ध आपलं वेगळं टिपण जोडलं. पुस्तक लावून नीती शिकवता येते, हे त्यांना पटत नव्हतं.

माणूस नीतीनं वागतो तो पुस्तक वाचून की आजूबाजूच्या वागण्यातून, हा प्रश्न पुढे त्यांच्याच घरी येणार होता.

रखमाबाईंचे वकील

आता आपण त्या खटल्याकडे येतो, ज्यानं १८८० च्या दशकातली मुंबई हलवून सोडली.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला की बायकोनं नांदायला यावं, असा हुकूम कोर्टानं द्यावा.

रखमाबाईंचं उत्तर सरळ होतं. समज नसताना लावलेलं लग्न मला मान्य नाही.

त्यांच्या बाजूनं कोर्टात उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये तेलंग होते. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. १८८६ मध्ये अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेतले आणि दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी सुरतेत अनेक वर्षं काम केलं.

बालविवाहानं एका मुलीचं काय होतं, हे तेलंगांनी कोर्टाच्या कागदांतून इतक्या जवळून पाहिलं होतं.

आधी समाज की आधी राजकारण?

याच काळात महाराष्ट्रात एक वाद पेटला होता. आधी समाज सुधारायचा की आधी राजकीय हक्क मिळवायचे? आगरकर एका टोकाला, टिळक दुसऱ्या टोकाला. 'केसरी'तले हे दोन मित्र याच वादात दुरावले.

फेब्रुवारी १८८६ मध्ये तेलंगांनी या विषयावर मुंबईत व्याख्यान दिलं. प्रश्न असा होता: समाजसुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झालीच पाहिजे का?

त्यांचं उत्तर थोडक्यात असं. दोन्ही सुधारणा हव्यात. पण एक आधी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा नियम चुकीचा. ज्या बाजूला अडथळा कमी, त्या बाजूनं आधी पुढे सरका. सरकारशी वाद घालताना निदान युक्तिवाद चालतो, कारण सरकार स्वतःच न्यायाची भाषा बोलतं. समाजाशी लढताना समोर आपलीच माणसं असतात आणि त्यांच्यापुढे नुसता युक्तिवाद चालत नाही.

वकिलाच्या दृष्टीनं हा चोख हिशेब होता. पण त्यात एक फट होती. 'समाज' हा शब्द वापरला की तो कुठेतरी बाहेर, रस्त्यावर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो स्वयंपाकघरात आणि देवघरात बसलेला असतो.

जस्टिस तेलंग

१८८९ मध्ये तेलंग मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांच्याआधी नानाभाई हरिदास हे या कोर्टावर भारतीय न्यायाधीश होते. त्यांच्यानंतर तेलंग आले, तेव्हा ते चाळिशीलाही पोहोचले नव्हते.

न्यायाधीश झाल्यावर राजकारणाचं व्यासपीठ बंद झालं. कौन्सिल सुटलं, काँग्रेसमधली भाषणं थांबली. पण हिंदू कायद्याच्या खटल्यांत त्यांच्या संस्कृतचा खरा उपयोग आता झाला.

हे समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. वारसा, वाटणी, दत्तक हे विषय इंग्रजांच्या कोर्टात धर्मशास्त्राप्रमाणे चालत. मुंबई इलाख्यात मुख्य आधार दोन. एक विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' आणि दुसरा नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख'. १८६४ पर्यंत अर्थ सांगायला कोर्टात शास्त्री असत. नंतर ती पदं गेली आणि गोरे न्यायाधीश इंग्रजी भाषांतरांवर विसंबू लागले. भाषांतरात चूक असेल तर ती निकालात उतरायची आणि एकदा निकालात उतरली की कायदाच व्हायची.

तेलंग मूळ ग्रंथ वाचू शकत. शिवाय लोक प्रत्यक्षात कसं वागतात, गावात रिवाज काय आहे, हेही त्यांना माहीत होतं. पोथी आणि रिवाज दोन्ही समोर ठेवून ते लिहीत.

सुरुवातीला सांगितलेल्या कुलकर्णींच्या खटल्यात याचाच कस लागला. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासून असतो. मग बाप स्वतः एकत्र कुटुंबात आहे, एवढ्याच कारणानं तो हक्क अडवून कसा ठेवता येईल, असा तेलंगांचा रोख होता. बहुमत त्यांच्या विरुद्ध गेलं. इतर प्रांतांतल्या हायकोर्टांनी मात्र मुलाचा हक्क मानला आणि मुंबईचा नियम हिंदू कायद्याच्या पुस्तकांत अपवाद म्हणून नोंदला गेला.

तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे हा निकाल तिकडे थेट लागू नव्हता. आज हिंगोली जिल्हा मुंबई हायकोर्टाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाखाली येतो. हिंदू वारसा कायदाही १९५६ मध्ये नव्यानं झाला आणि २००५ च्या दुरुस्तीनं मुलींनाही जन्मापासून समान हिस्सा मिळाला. जन्मानं मिळालेला हक्क घरातल्या कुणाच्या मर्जीवर अवलंबून ठेवायचा का, हा तेलंगांनी धरलेला मुद्दा आता लेकींच्या बाबतीतही लागू झाला आहे.

बखरींतून काढलेलं उत्तर

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलगी दहा वर्षांची झाली की नवऱ्यानं शरीरसंबंध ठेवणं कायद्याला चालत होतं, ते वय बारा करण्यात आलं. कलकत्त्यात फुलमणी दासी या अल्पवयीन मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीत मृत्यू झाला होता. तरीही देशभर कायद्याला विरोध झाला. परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका होती.

तेलंग, रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर कायद्याच्या बाजूनं होते.

त्याच सुमारास तेलंगांनी मराठ्यांच्या बखरी आणि कागदपत्रं चाळून एक मोठा निबंध लिहिला. मराठेशाहीत राज्यसत्ता धर्माच्या आणि समाजाच्या व्यवहारात हात घालत होती का? बखरींतले दाखले देऊन त्यांनी दाखवलं की घालत होती. म्हणजे 'राज्यानं यात पडू नये, अशीच आपली परंपरा आहे' हा दावा इतिहासावर टिकत नाही. रानडे यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघालं, तेव्हा हा निबंध त्याच्या शेवटी छापला गेला.

१८९२ मध्ये तेलंग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी सुरू केलेल्या त्या संस्थेचेही ते पहिले भारतीय अध्यक्ष.

आणि मग १८९३

१८९३ मध्ये तेलंगांनी स्वतःच्या मुलीचं लग्न लावून दिलं. मुलगी लहान होती. त्या वयात आजची मुलगी प्राथमिक शाळेत असते.

रखमाबाईंची बाजू कोर्टात मांडणारा माणूस. संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा देणारा माणूस. त्याच्याच घरात बालविवाह.

साहजिकच टीका झाली. सुधारकांच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं आणि सुधारकांना खाली बघावं लागलं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आग्रहापुढे ते झुकले, असं सांगितलं जातं.

अशा प्रसंगातून गेलेले ते एकटे नव्हते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या रानडे यांनी पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं होतं. तेव्हाही हेच बोल लागले होते. रानडे यांनी पुढे रमाबाईंना शिकवलं आणि रमाबाईंनी स्वतःच्या कामानं इतिहासात जागा मिळवली. तेलंगांना मात्र आपली चूक निस्तरायला वेळच मिळाला नाही.

१ सप्टेंबर १८९३ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ४३.

हायकोर्टातली त्यांची जागा त्यांचे मित्र महादेव गोविंद रानडे यांना मिळाली. कुलगुरुपद भांडारकरांकडे गेलं. एका माणसाच्या रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्या भरायला महाराष्ट्राला आपले दोन सगळ्यात मोठे विद्वान लागले.

मग तेलंगांना ढोंगी म्हणायचं का?

सोशल मीडियाच्या भाषेत निकाल सोपा आहे. 'बोलतो एक, करतो एक.' आणि तो निकाल पूर्ण चुकीचाही नाही. ज्या मुलीचं लग्न झालं, तिच्या दृष्टीनं वडिलांच्या भाषणांचा काही उपयोग झाला नाही, हे खरंच आहे. बाकी कितीही मोठेपण सांगितलं तरी हे झाकलं जात नाही आणि झाकूही नये.

पण यातून आणखी एक गोष्ट दिसते. तेलंग समाजसुधारणेबद्दल जे म्हणाले होते, ते त्यांच्याच घरात खरं ठरलं. वेबर यांच्याशी पुराव्यानं लढता आलं. सरकारशी ठरावानं लढता आलं. सहकारी न्यायाधीशांशी वेगळं मत लिहून लढता आलं. घरात मात्र वेगळं मत लिहून भागत नाही. तिथे लग्नाची तारीख ठरलेली असते आणि 'नाही' म्हणणारा एकटा पडतो.

म्हणूनच कदाचित कायद्याची गरज लागते. १९२९ मध्ये शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं. पुढे ते १८ झालं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं असं लग्न लावणाऱ्यांना शिक्षेची तरतूद आणखी कडक केली. ज्या बापाला घरच्यांपुढे 'मला पटत नाही' म्हणायची हिंमत होत नाही, त्याला निदान 'कायद्यात बसत नाही' एवढं तरी म्हणता येतं. तेलंगांच्या हाताशी हेही नव्हतं. १८९१ चा कायदा शरीरसंबंधाचं वय सांगत होता. लग्नाच्या वयाबद्दल तो गप्प होता.

मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या काळजीपोटी तिचं लग्न लवकर उरकण्याचे प्रकार आजही होतात. गावात असं लग्न ठरत असल्याचं कळलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो. तो मोफत आहे.

एका हायकोर्ट जज्जला १८९३ मध्ये जे स्वतःच्या घरात जमलं नाही, ते आज एका फोननं थांबवता येतं.